ज्या बुधवारी खोकी आली नाहीत

1 एप्रिल 2020, बुधवार. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांत त्या दिवशी एकही नवा अंक पोचला नाही. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. टाळेबंदीत बहुतेक दुकानांची दारं तशीही लागलेलीच होती. पण या धंद्यात बुधवार म्हणजे आठवड्याचा बाजार. गल्ल्यामागच्या फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावांचे खण असतात. बुधवारी खोकी फोडायची, ज्याने जे अंक लावलेत ते त्याच्या खणात टाकायचे, संध्याकाळी ऑफिसं सुटली की माणसं येऊन घेऊन जातात. तिकडे याला ‘पुल लिस्ट’ म्हणतात. आपल्या भाषेत, अंकांचा रतीब.

हा रतीब एकाच दिवशी सगळीकडे तुटला, कारण माल पोचवणारी कंपनी जवळपास एकच होती, ‘डायमंड’. ती एकच कशी उरली आणि दुकानदाराच्या गळ्यात न खपलेला माल कसा पडला, हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

1970च्या आधी अमेरिकेत कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि औषधांच्या दुकानांत मिळायची. खपली नाहीत तर मुखपृष्ठ किंवा त्याचा वरचा पट्टा फाडून पाठवायचा, पैसे वळते व्हायचे. आपल्याकडचे स्टॉलवालेही न खपलेली मासिकं परत करतात, तसंच. ब्रुकलिनमधले एक शाळामास्तर, फिल स्यूलिंग, न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींचे मेळावे भरवायचे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशकांपुढे साधा सौदा ठेवला: माल थेट मला द्या, सवलत जास्त द्या, मी एकही अंक परत करणार नाही.

या सौद्यावरच पुढे फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली. सवलत वाढली, पण जोखीम प्रकाशकाकडून दुकानदाराकडे सरकली. अंक छापून यायच्या दोनेक महिने आधी कॅटलॉग बघून मागणी नोंदवायची, अंदाज चुकला तर तो गठ्ठा आपलाच. खरं तर हा सट्टाच. 1990च्या दशकात तो अंगाशीही आला. उद्या भाव येईल म्हणून एकेकाने पाच-पाच प्रती घेतल्या, फुगा फुटला आणि दुकानं धडाधड बंद पडली.

त्याच धामधुमीत वितरकही संपले. मार्व्हल या बड्या प्रकाशकाने 1994च्या अखेरीस स्वतःसाठी ‘हीरोज वर्ल्ड’ ही वितरण कंपनी विकत घेतली. धास्तावलेल्या डीसी, इमेज आणि डार्क हॉर्स या इतर प्रकाशकांनी माल फक्त मेरीलँडमधल्या ‘डायमंड’मार्फतच पाठवण्याचे करार केले. 1996मध्ये ‘कॅपिटल सिटी’ हा मोठा स्पर्धक डायमंडने विकत घेतला. पुढच्याच वर्षी मार्व्हलचा प्रयोग फसला आणि तीही मुकाट डायमंडकडे आली. सरकारच्या न्याय विभागाने मक्तेदारीची चौकशी केली, पण 2000 साली काहीही कारवाई न करता फाइल मिटवली. पुढची वीस वर्षं कोणाला त्याची फारशी खंत नव्हती. खोकी वेळेवर येत होती ना!

मार्च 2020च्या अखेरीस डायमंडने नवा माल घेणं थांबवलं. प्रकाशकांची देणीही काही काळ अडवून धरली. डायमंडचे सलग सात बुधवार कोरडे गेले, गाडं पुन्हा सुरू झालं ते 20 मे रोजी. डीसीने त्या काळातला माल परत घ्यायची तयारी दाखवली. पुस्तक-विक्रेत्यांना मदत करणाऱ्या ‘बिंक’ या संस्थेला डीसीने अडीच लाख डॉलर दिले, चित्रकार जिम ली यांनी दुकानांसाठी साठ रेखाचित्रं लिलावात काढली. चांगलंच झालं, पण देशभरातल्या दुकानांच्या भाड्यापुढे ते किती पुरणार?

दुकानं तगली ती मुख्यतः आपल्या जुन्या खोक्यांवर. परत न करता येणारे, वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत पुठ्ठा घालून लांबट खोक्यांत उभे करून ठेवलेले अंक दुकानदारांनी बाहेर काढले. कोणी फेसबुकवर थेट लिलाव लावला, कोणी टपालाने पाकिटं धाडली, कोणी दारातून हात लांब करून पिशवी फुटपाथवर दिली. पन्नास वर्षं ज्या नियमाला शिव्या घातल्या, त्यानेच साठवलेला माल त्या सात आठवड्यांत गल्ला हलता ठेवत होता. खणातले अंक तसेच असू द्या, पैसे आत्ताच घ्या, म्हणणारी जुनी गिऱ्हाइकंही होती.

दरम्यान डीसीने एप्रिलमध्येच दोन नवे वितरक आणले आणि जूनमध्ये डायमंडशी काडीमोड घेतला. या दोन्ही वितरण कंपन्यांमागे कोण होतं? एकीमागे भरघोस सवलतीत ऑनलाइन कॉमिक्स विकणारा व्यापारी, दुसरीमागे न्यूयॉर्कमधलं एक बडं दुकान. म्हणजे समोरच्या वाण्याशी स्पर्धा करायची आणि घाऊक मालही त्याच्याकडूनच उचलायचा. छोट्या दुकानदारांना हे झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. वर डीसीने आपला वार बदलून मंगळवार केला.

हिशेब मात्र अनपेक्षित निघाला. कॉमिक्सच्या विक्रीचे आकडे ठेवणाऱ्या कॉमिक्रॉन आणि आयसीव्ही2 या संकेतस्थळांच्या अंदाजानुसार अमेरिका आणि कॅनडातल्या कॉमिक्सच्या दुकानांची विक्री 2019मध्ये सुमारे 52.5 कोटी डॉलर होती, 2020मध्ये ती 44 कोटींवर घसरली आणि 2021मध्ये थेट 70 कोटींच्या वर गेली. सरकारी मदतीचे धनादेश हातात होते, माणसं घरात होती, संग्राहकांचं वेड पुन्हा चढलं होतं आणि ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून बघून मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स मागणारी तरुण पोरं दुकानात येऊ लागली होती.

डायमंडला ही भरती मानवली नाही. ऑक्टोबर 2021पासून मार्व्हलचं वितरण पेंग्विन रँडम हाउस या बड्या पुस्तक-प्रकाशकाकडे गेलं, पुढे इतर मोठे प्रकाशकही सरकले. जानेवारी 2025मध्ये डायमंडने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तोवर छोटा दुकानदार वेगवेगळ्या कंपन्यांची बिलं आणि संकेतस्थळं सांभाळायला शिकला होता. डीसी 2024च्या जुलैत बुधवारावर परत आली होती, त्यामुळे खोकी फोडायचा दिवस पुन्हा एकच झाला.