द्राक्षांचा कंटेनर वर्गात भरताना

‘घरबसल्या निर्यातदार व्हा’ अशा एकदिवसीय कार्यशाळांच्या जाहिराती पाहून अनेक विद्यार्थ्यांचा समज होतो की, परवाना क्रमांक मिळाला आणि परदेशात ग्राहक सापडला की शेतमालाची निर्यात सुरू झाली. या जाहिराती दिशाभूल करतात. नाशवंत मालात झालेली चूक कळते ती कित्येक आठवड्यांनी आणि हजारो किलोमीटरांवर, त्यामुळे नेमके कुठे चुकले हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. हे अंतर तासाभरात आणून दाखवणे, हे अभिरूप सरावाचे, म्हणजे खऱ्या व्यवहाराची नक्कल करून वर्गात गटांना निर्णय घ्यायला लावण्याचे, खरे सामर्थ्य आहे.

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६०च्या सुमारास घडवलेला ‘बिअर गेम’ हा असाच सराव आजही जगभर खेळला जातो. त्यात ग्राहकाची मागणी एकदाच, चारवरून आठ पेट्यांवर जाते. परंतु दुकानदार, घाऊक व्यापारी आणि वितरक यांच्या हातून जाताना ती फुगत जाते आणि कारखान्यापुढे तिचे अक्राळविक्राळ रूप येते.

हीच पद्धत नाशिकच्या द्राक्षांना लावून पाहावी. पॅकहाऊसचा, म्हणजे द्राक्षे पेट्यांत भरण्याच्या जागेचा, निर्णय घेणाऱ्या गटाला एक चिठ्ठी मिळते: ‘वीज गेल्याने प्रीकूलिंग (भरण्याआधी फळ गार करणे) अपुरे झाले आहे; जहाज गाठायचे तर कंटेनर आत्ताच भरावा लागेल.’ बहुतेकांना वाटते की, रीफर (शीतयंत्र असलेला) कंटेनर थंडच असतो, उरलेली उष्णता तो काढून टाकील. वास्तविक रीफरची रचना गार माल गार ठेवण्यासाठी असते, गरम माल झटपट गार करण्यासाठी नव्हे.

पेटीत घडांवर ठेवलेल्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बोट्रायटिस बुरशीला रोखतो. पॅडचा एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात वायू सोडतो, दुसरा पुढचे काही आठवडे संथपणे. आता फळ कोमट असताना पेटी बंद केली, तर फळातून निघालेली वाफ प्लास्टिकच्या गार अस्तरावर थेंबांच्या रूपात जमते. ते पाणी संथ थरात शिरले की आठवड्यांचा साठा काही दिवसांतच मोकळा होतो. आधी जादा वायूमुळे देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि नंतर, वायू संपल्यावर, शून्य अंशाजवळही वाढू शकणाऱ्या बोट्रायटिसला रान मोकळे मिळते. पेटी युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात उघडते तेव्हा दोष जहाजाचा वाटतो, चूक मात्र पहिल्या सहा तासांतली असते.

दुसरी चिठ्ठी २०१०ची असावी. त्या वर्षी वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट या द्रव्याच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडचणीत आली. तेथील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे तेरा टनांच्या कंटेनरमध्ये एक ग्रॅमही चालणार नव्हता. येथे निर्णयाची घडी आणखी मागे, बागेत, काही महिने आधी जाते.

तिसरी चिठ्ठी तांबड्या समुद्राची. २०२३च्या अखेरीस तेथे हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. पॅडमधला वायू तितके दिवस पुरेल का, हा हिशेब गटाला तेव्हाच मांडावा लागतो.

गुण मात्र नफ्यावर देऊ नयेत. नशिबाने वाचलेला गट त्यामुळे पहिला येतो आणि चुकीचा धडा घेऊन जातो. प्रत्येक गटाने निर्णयाच्या क्षणी आपले कारण लिहून ठेवावे आणि शिक्षकांनी तेच तपासावे.