भारतीय परवान्यावर फ्रान्समध्ये गाडी भाड्याने: पात्रता, कागदपत्रे आणि सामानाचा हिशेब

फ्रान्समध्ये गाडी भाड्याने घेण्यासाठी भारतीय प्रवाशाला तिथल्या कोणत्याही सरकारी कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. अल्प मुदतीच्या व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला आपल्या मूळ वाहनपरवान्यावर तेथे गाडी चालवता येते; तो परवाना फ्रेंच भाषेत नसेल, तर त्याच्यासोबत अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना, म्हणजे आयडीपी, असावा लागतो. नियम एवढाच आहे. तरीही महाराष्ट्रातून गेलेले अनेक प्रवासी पॅरिस, ल्यों किंवा नीसच्या काउंटरवरून गाडीविना परत फिरतात, आणि कागदपत्रे अपुरी असणे ही ग्राहकाची जबाबदारी असल्याने आगाऊ भरलेले पैसेही त्यांना सहसा परत मिळत नाहीत. ही माणसे अपात्र नसतात. त्यांच्या कागदांवरील नाव, तारीख किंवा कार्डाचा प्रकार जुळत नसतो, आणि ते दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून पुढील माहितीत सोप्या पायऱ्या थोडक्यात सांगितल्या आहेत आणि जिथे अडचण येते तिथे सविस्तर लिहिले आहे.

कोण पात्र आहे

भारतात मोटारीच्या परवान्यासाठी कायद्याने १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परंतु भाड्याने गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या त्याहून कडक अट घालतात. साधारणपणे किमान वय २१ असते, २५ वर्षांखालील चालकाकडून रोजचा जादा आकार घेतला जातो आणि परवाना मिळून किमान एक वर्ष झालेले असावे लागते. मोठ्या गाड्यांसाठी ही अट आणखी वाढते. शिकाऊ परवाना चालत नाही.

एक वर्षाच्या या अटीवर अनुभवी चालकही अडकतात. नूतनीकरणानंतर मिळालेल्या नव्या स्मार्ट कार्डावर अलीकडची तारीख ठळकपणे दिसते आणि आयडीपीवर तर मागच्याच महिन्याची तारीख असते. काउंटरवरील कर्मचारी ती तारीख वाचून ‘परवाना एक वर्षापेक्षा कमी काळाचा आहे’ असे म्हणतो, तेव्हा वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला उत्तर सुचत नाही. पहिला परवाना कोणत्या तारखेला मिळाला हे आपल्या कार्डावर कुठे छापले आहे ते निघण्यापूर्वी शोधून ठेवावे. ती तारीख कार्डावर नसेल, तर आरटीओकडून परवान्याचा तपशील लेखी घ्यावा.

फ्रान्समध्ये राहणाऱ्या नातेवाइकांच्या भरवशावर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. विद्यार्थी म्हणून राहणाऱ्यांना शिक्षण चालू असेपर्यंत मूळ परवान्यावर गाडी चालवता येते; पण नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या व्यक्तीचा भारतीय परवाना तेथील वास्तव्याच्या पहिल्या वर्षानंतर ग्राह्य राहत नाही. तीन वर्षे तिथे असलेल्या आणि फ्रेंच परवाना न काढलेल्या भाच्याने गाडी चालवावी असे ठरवले असेल, तर तो बेत बदलावा.

आयडीपी: सर्वाधिक वेळ इथेच जातो

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ मध्ये करायचा असतो. शुल्क १,००० रुपये आहे. वैध वाहनपरवाना, पासपोर्ट, छायाचित्रे आणि प्रवासाचा तपशील जोडावा लागतो, आणि त्यानंतर आपल्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या आरटीओत मूळ कागद दाखवावे लागतात.

अर्ज करताना वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसा असण्याची अट केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मधील अधिसूचनेने काढून टाकली. तरीही काही खिडक्यांवर आजही ‘आधी व्हिसा दाखवा’ असे सांगितले जाते. फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा अनेकांच्या हाती प्रवासाच्या आठवडाभर आधी पडतो. त्यानंतर आयडीपीसाठी धावाधाव करायची, म्हणजे काढून टाकलेल्या अटीपायी प्रवाशाने सहल धोक्यात घालायची. हे कोणत्याही प्रकारे योग्य नाही. अर्जदाराने त्या अधिसूचनेची छापील प्रत सोबत न्यावी, नम्रपणे दाखवावी आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. लेखी नकार मागितला की बरेचदा अर्ज पुढे सरकतो.

परवान्यावरील पत्ता ही दुसरी अडचण आहे. परवाना सांगलीचा, राहणे पुण्यात आणि आधार कार्डावर तिसराच पत्ता, अशी स्थिती असेल तर अर्ज नेमक्या कोणत्या आरटीओकडे जाणार यावरून दिवस वाया जातात. पत्ता बदलून घेण्याचे काम सहलीच्या किमान दोन महिने आधी उरकावे.

मुदतीचा अर्थही अनेक जण चुकीचा लावतात. आयडीपी जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि हे वर्ष तो दिला गेल्याच्या तारखेपासून मोजले जाते, प्रवास सुरू झाल्यापासून नव्हे. मूळ परवाना त्याआधी संपत असेल, तर आयडीपीही त्याच दिवशी संपतो. मुदत संपल्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे फार आधी काढून ठेवण्यातही शहाणपण नाही आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यातही नाही. आधी मूळ परवान्याची तारीख पाहावी. तो वर्षभरात संपणार असेल तर प्रथम त्याचे नूतनीकरण करावे आणि मगच आयडीपीचा अर्ज भरावा.

आयडीपी हा मूळ परवान्याला जोडलेला कागद आहे, त्याची जागा घेणारा नाही. दोन्ही मूळ स्वरूपात हातात हवेत. डिजिलॉकरमधील परवाना भारतात पोलिसांना चालतो. फ्रान्समधील काउंटरवर मोबाइलचा पडदा दाखवून गाडी मिळेल असे गृहीत धरू नये. इंटरनेटवर चार दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ घरपोच देणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या पुस्तिकेला कायदेशीर आधार नसतो. त्यावर कोणी पैसे घालवू नयेत.

नाव आणि क्रेडिट कार्ड

परवाना, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवर मुख्य चालकाचे एकच नाव असावे लागते. आपल्याकडे ही साधी अट सहज पूर्ण होत नाही. परवान्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, कार्डावर फक्त आद्याक्षरे आणि आडनाव, असा फरक बहुधा चालवून घेतला जातो. पण परवाना माहेरच्या नावाचा आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल, तर काउंटरवरील व्यक्तीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या स्त्रिया असतात. विवाहाचे प्रमाणपत्र दाखवून कधी काम होते, कधी होत नाही. ते समोरच्याच्या मर्जीवर राहते. परवान्यावरील नाव आधी बदलून घेणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि नव्या नावाचा परवाना आल्यावरच आयडीपी काढावा.

डिपॉझिटची रक्कम चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर ब्लॉक केली जाते. पत्नी गाडी चालवणार आणि कार्ड पतीचे, असे चालत नाही. पत्नीच्या नावाचे पुरवणी कार्ड असेल तर मात्र चालू शकते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी किंवा अनेक गाड्यांसाठी नाकारले जाते, प्रीपेड फॉरेक्स कार्ड डिपॉझिटसाठी बहुधा घेत नाहीत आणि रोख रक्कम पुढे करण्यात अर्थ नाही. काही नव्या कार्डांवर नाव छापलेलेच नसते. असे कार्ड नेऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार भारतीय कार्डांवरील आंतरराष्ट्रीय व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. ते सुरू करावेत, मर्यादा डिपॉझिटपेक्षा पुरेशी जास्त ठेवावी आणि पिन पाठ असावा, कारण तेथील यंत्र पिन विचारते.

विम्याबाबत दोन गैरसमज वारंवार दिसतात. व्हिसासाठी काढलेला किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा आजारपण आणि अपघाती उपचारांसाठी असतो. गाडीच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही. तसेच मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतलेले ‘पूर्ण संरक्षण’ हे बहुतेक वेळा नंतर परतफेड देणारे असते. म्हणजे काउंटरवर डिपॉझिट ब्लॉक होतेच, नुकसानीचे पैसेही आधी आपल्या कार्डावरून जातात आणि नंतर कागद जोडून ते मागावे लागतात. तृतीय पक्षाचा विमा भाड्यातच असतो, मात्र टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेक करारांत वगळलेला असतो. तो परिच्छेद सही करण्यापूर्वी वाचावा.

बॅगा आधी, गाडी नंतर

गाडी निवडताना लोक माणसे मोजतात आणि बॅगा विसरतात. रेनॉ क्लिओ किंवा प्यूजो २०८ या लहान मोटारींच्या वर्गातील गाडीच्या डिकीत ३०० लिटरच्या आसपास जागा असते, आणि विमानात चेक-इन केलेली २८ इंची बॅग एकटीच ९० ते १०० लिटरची असते. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा त्या गाडीत बसत नाहीत. सहा-सात जणांचे कुटुंब सात आसनी गाडी घेते तेव्हा परिस्थिती आणखी बिकट होते, कारण तिसरी रांग उघडली की मागे हातातल्या पिशव्यांपुरतीच जागा उरते. अशा कुटुंबाने नऊ आसनी व्हॅनचा विचार करावा. चालकासह नऊ आसनांपर्यंतचे वाहन मोटारीच्याच परवान्यावर चालवता येते, पण वयाची व अनुभवाची अट आधी पाहावी. चार जणांसाठी लांब डिकीची स्टेशन वॅगन बहुधा पुरते. काउंटरवर गेल्यावर मोठी गाडी मिळेल या आशेवर राहू नये. उन्हाळ्यात शिल्लक गाडी नसते, आणि असली तरी त्या दिवसाचा दर लावला जातो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तीही आरक्षणातच नोंदवावी, कारण स्वस्त वर्गातील गाड्या बहुधा मॅन्युअल असतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते.

पॅरिसहून दक्षिणेतील आविन्योंपर्यंत टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेने जाऊन तिथे गाडी घेणाऱ्यांनी रेल्वेचा सामानाचा नियमही पाहावा. २०२४ पासून टीजीव्ही इनुई गाड्यांत प्रत्येकी जास्तीत जास्त ७० × ९० × ५० सेंमी मापाच्या दोन बॅगा आणि एक लहान हातपिशवी नेता येते, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी बंधनकारक आहे आणि नियम मोडल्यास दंड होतो. स्वस्तातल्या विगो गाड्यांत मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे भरावे लागतात.

गाडीत सामान ठेवून दिवसभर फिरणे हा सर्वांत मोठा धोका आहे. भाड्याची गाडी आणि आतल्या बॅगा चोरांना लगेच ओळखू येतात; दक्षिणेकडील महामार्गांवरील विश्रांतिस्थळे आणि पर्यटनस्थळांचे वाहनतळ यांसाठी ही सूचना विशेष लागू आहे. मों-सँ-मिशेलला तर वाहनतळ मुख्य भूमीवर, अडीच किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि पुढे शटल बसने किंवा पायी जावे लागते. इतका वेळ गाडी नजरेआड राहते. आधी मुक्कामाच्या ठिकाणी सामान उतरवावे आणि मग फिरायला निघावे. ते जमत नसेल तर मोठ्या रेल्वे स्थानकांवरील सशुल्क लॉकर वापरावेत. डिकी झाकणारा पडदा गाडीत आहे की नाही हे गाडी घेतानाच पाहावे. पासपोर्ट आणि औषधे गाडीत ठेवूच नयेत. चोरी झाल्यास पोलीस ठाण्यातून तक्रारीची पावती घेतल्याशिवाय विमा कंपनी दावा पाहत नाही, आणि पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावासही तीच पावती मागतो.

वेळ आणि मुदती

भाड्याचा दिवस २४ तासांचा मोजतात. सकाळी दहाला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी परत केली, तर आणखी एका दिवसाचे भाडे लागू शकते. लहान शहरांतील शाखा दुपारी जेवणाच्या वेळी आणि रविवारी बंद असतात. विमानतळावर घेणार असाल तर आरक्षणात विमानाचा क्रमांक भरावा, म्हणजे उशीर झाल्यास गाडी रद्द होण्याची शक्यता कमी होते.

टोलबाबतची मुदत तर कित्येकांना कळतच नाही. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ आणि ए-१४ महामार्गांवर आता टोलनाके नाहीत. कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात आणि पैसे ७२ तासांच्या आत ऑनलाइन भरावे लागतात. नाका दिसला नाही म्हणजे रस्ता मोफत आहे, असा समज करून घेणाऱ्यांच्या कार्डावरून महिन्याभराने टोल, दंड आणि त्यावर भाडे कंपनीचे प्रक्रिया शुल्क असे सगळे वजा होते. वेगमर्यादेच्या दंडाचेही तसेच आहे. दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर २०१८ पासून मर्यादा साधारणपणे ८० आहे आणि पॅरिसमधील बहुतेक रस्त्यांवर ३०.

दहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य आसन सक्तीचे आहे. ते आरक्षणातच मागावे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात आल्प्ससारख्या डोंगराळ भागात ठरवून दिलेल्या ठिकाणी हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात, आणि त्या भाड्याच्या गाडीत असतीलच असे नाही. स्वित्झर्लंड किंवा इटलीत जायचे असेल तर तसे करारात नोंदवून घ्यावे.

गाडी परत करताना कर्मचारी हजर असेल अशीच वेळ निवडावी. किल्ली पेटीत टाकून निघून गेल्यास दुसऱ्या दिवशी तपासणी होईपर्यंत गाडीची जबाबदारी आपलीच राहते. चारही बाजूंची, इंधनाच्या काट्याची आणि किलोमीटरची छायाचित्रे घ्यावीत, ‘नुकसान नाही’ असे लिहिलेला सहीचा कागद मागावा आणि डिपॉझिटची ब्लॉक केलेली रक्कम सुटून कार्डाचे पुढील दोन महिन्यांचे हिशेब तपासून होईपर्यंत तो जपून ठेवावा.