चार्जशीट आणि चार्ज: पोलिसांचा कागद कोणता, कोर्टाचा कोणता?

एकाच खटल्याबद्दल आधी ‘आरोपपत्र दाखल’ अशी बातमी येते आणि कित्येक महिन्यांनी ‘आरोप निश्चित’ अशी. पुष्कळांना वाटतं, जुनीच बातमी पुन्हा छापली. प्रत्यक्षात पहिला कागद पोलिसांचा असतो आणि दुसरा न्यायालयाचा. घोटाळा होतो तो ‘चार्ज’ या एका इंग्रजी शब्दामुळे, कारण तो दोन्हीकडे आहे.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे: गाडीवर माल लादणे. त्याचे पुढचे सगळे अर्थ या ओझ्यातूनच निघाले आणि मराठीनेही नकळत तेच ओझं उचललं. पदाचा चार्ज म्हणजे कार्यभार. जमिनीवरचा चार्ज म्हणजे बोजा. विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ज म्हणजे विद्युतप्रभार. ‘आरोप’ हा शब्दही मुळात ‘वर चढवणे, वर ठेवणे’ असाच आहे. रोपण त्याच घरातलं. म्हणून ‘चार्ज’ दिसला की एक प्रश्न विचारावा: ओझं कोण ठेवतंय आणि कोणावर? ‘लाठीचार्ज’ मात्र बाजूला ठेवू. तिथे चार्ज म्हणजे चाल करून जाणं.

चार्जशीट पोलीस देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १९३ मध्ये याला ‘पोलीस अहवाल’ म्हटलं आहे. जुन्या संहितेत हे कलम १७३ होतं आणि जुन्या खटल्यांच्या कागदांवर तेच दिसतं. मराठीत अधिकृत वळणाचा शब्द दोषारोपपत्र, वर्तमानपत्री शब्द आरोपपत्र. हा एक कागद नसतो, गठ्ठा असतो: फिर्याद, घटनास्थळाचा व जप्तीचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय दाखले, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि वर पोलिसांचं म्हणणं की या माणसांवर या कलमांखाली खटला चालावा. म्हणजे पोलीस ओझं सुचवतात. ते अजून कोणाच्या अंगावर पडलेलं नसतं.

तपासाअंती चार्जशीटच येईल असंही नाही. महाराष्ट्रात पोलीस समरी अहवालही देतात, म्हणजे खटला न चालवता प्रकरण बंद करावं असं न्यायालयाला सांगणारा अहवाल. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, तर ‘ए’. फिर्याद खोटी आणि द्वेषातून दिलेली निघाली, तर ‘बी’. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची निघाली, तर ‘सी’. समरी स्वीकारण्याआधी फिर्यादीला आपलं म्हणणं मांडता येतं. नोटीस आल्यावर गप्प बसलात, तर प्रकरण तिथेच मिटू शकतं.

चार्जशीटला मुदत आहे ती मुख्यतः आरोपी कोठडीत असेल तेव्हा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, बाकीच्यांत ६०. काही विशेष कायद्यांत मुदत वेगळी आहे. दिवस अटकेपासून नव्हे, न्यायालयाने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून मोजायचे, आणि तो दिवसही धरायचा. मुदत उलटूनही चार्जशीट आली नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कोर्टाच्या बोलीत ‘डिफॉल्ट बेल’. इथे हमखास चूक होते. हा हक्क मागावा लागतो. ६१व्या दिवशी अर्ज केला नाही आणि ६२व्या दिवशी चार्जशीट आली, तर हक्क गेला. सुटकेसाठी मग नेहमीच्या जामिनाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

आता चार्ज. हा न्यायाधीश ठेवतात, तोही दोन्ही बाजू ऐकून. चार्जशीटच्या गठ्ठ्यापुढे तो फार तर पान-दोन पानांचा असतो, पण खटला चालतो त्याच्यावर. आधी चार्जशीटच्या प्रती आरोपीला मिळतात. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, असं नवी संहिता सांगते. पीडिताने वकील दिला असेल, तर त्यालाही प्रत मिळते. प्रती हातात आल्यावर पानं मोजून, अनुक्रमणिकेशी ताडून घ्यावीत. जबाब अर्धवट असणं, पंचनाम्याचं दुसरं पान नसणं हे नेहमीचं आहे, आणि साक्षी सुरू झाल्यावर ते लक्षात आलं तर फार महागात पडतं.

चार्जमध्ये काय हवं, हे संहितेच्या कलम २३४ पासून पुढे सांगितलं आहे: गुन्ह्याचं नाव, कायदा आणि कलम, वेळ, जागा, कोणाविरुद्ध किंवा कोणत्या वस्तूबाबत, आणि एवढ्याने नीट कळत नसेल तर कसा केला तेही. तो न्यायालयाच्या भाषेत लिहायचा असतो, आणि महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे चार्ज साधारण असा वाचला जातो: “तुम्ही दिनांक १२ मार्च रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास फिर्यादीच्या राहत्या घरातून दोन तोळ्यांची सोनसाखळी लबाडीने नेली आणि त्याद्वारे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली शिक्षापात्र गुन्हा केला.” मग विचारतात, “आरोप समजला का? गुन्हा कबूल आहे का?” बहुतेकांना आपण इथे सगळी हकिगत सांगावी असं वाटतं. तसं करू नये. आधी आरोप समजला की नाही ते सांगावं आणि मग कबूल की नाकबूल एवढंच. हकिगतीची जागा पुढे येते. पण नीट ऐकू आलं नसेल, समजलं नसेल, तर ते मात्र त्याच क्षणी सांगावं. लाजून मान डोलावू नये.

पोलिसांनी लावलेलीच कलमं न्यायालयाने ठेवली पाहिजेत असं नाही. चार्जशीटमध्ये भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि चार्ज मात्र कलम ११८ चा, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, असं होऊ शकतं. निकालापूर्वी कधीही चार्ज बदलता किंवा वाढवता येतो. त्यात किरकोळ चूक राहिली म्हणून खटला कोसळत नाही. त्या चुकीने आरोपीची दिशाभूल झाली आणि न्यायाला बाधा आली, तरच तिला वजन. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या समन्स खटल्यांत तर औपचारिक चार्ज लागतच नाही, गुन्ह्याचा तपशील सांगून विचारलं की झालं.

इंग्रजीत आरोप निश्चित करणं ‘फ्रेम’ या क्रियापदाने सांगतात. त्याचाच बोलीतला अर्थ ‘खोट्या प्रकरणात गोवणं’ असाही आहे, त्यामुळे घाईच्या भाषांतरात कधी अनर्थ होतो. ‘आरोप सिद्ध झाले’ हेही चूक, कारण सिद्ध झालं की नाही ते निकालात कळतं. ‘आरोपपत्र निश्चित’ ही तर दोन्हींची खिचडी. पत्र दाखल होतं, आरोप निश्चित होतात.

हा फरक निवडणुकीच्या अर्जातही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये, दोन वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केलेला प्रलंबित खटला जाहीर करायला सांगितलं आहे. उमेदवाराच्या शपथपत्रात आरोप निश्चित झाले का आणि कोणत्या तारखेला, असा वेगळा रकाना असतो. तिथे चार्जशीटची तारीख टाकणं म्हणजे सरळ चुकीची माहिती देणं.

ओझं ठेवण्याआधी ते नाकारताही येतं. तो अर्ज डिस्चार्जचा, मराठीत दोषमुक्तीचा. सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत, दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या) प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत तो करायचा. न्यायाधीश या टप्प्यावर पोलिसांचेच कागद पाहतात, आरोपीच्या बाजूचा पुरावा सहसा नाही. म्हणून ‘मी त्या दिवशी गावात नव्हतो’ हे कितीही खरं असलं तरी इथे फारसं चालत नाही; ‘यांच्याच कागदांत माझं नाव एका ऐकीव जबाबापलीकडे कुठेही नाही’ हे चालतं. दोषमुक्त आणि निर्दोष हे एक नव्हे. निर्दोष सुटका साक्षीपुराव्यानंतर होते आणि त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. दोषमुक्तीला ते संरक्षण नाही, नवा पुरावा मिळाला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं.

सरकारी नोकरीतली चार्जशीट मात्र वेगळी, आणि तिच्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खालच्या विभागीय चौकशीत शिस्तभंगविषयक प्राधिकारी जे दोषारोपपत्र देतात, त्यातच चार्ज असतो. तो ठेवायला वेगळं न्यायालय नाही. सोबत चार जोडपत्रं येतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. उत्तर देताना प्रत्येक बाब वेगळी घेऊन मान्य की अमान्य लिहावं. ‘वेळोवेळी गैरहजर’ असा मोघम आरोप असेल, तर उत्तराआधी तारखा लेखी मागाव्यात. ‘काही वेळा उशीर झाला असेल, क्षमस्व’ असं सौजन्याने लिहिलेलं वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं.

जमिनीवरच्या चार्जची गोष्ट थोडक्यात. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो. तो गहाणाहून वेगळा: गहाणात मालमत्तेतला हितसंबंध सावकाराकडे जातो, बोजात जमीन फक्त देण्याला जामीन राहते. कर्ज फिटलं की तो आपोआप उतरेल असं धरून लोक निर्धास्त राहतात आणि विक्रीच्या वेळी अडकतात. बँकेकडून बोजा कमी करण्याचं पत्र घ्यावं, तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यावा, फेरफार नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली का ते विचारावं आणि नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचावा.