९४ आणि ९४१

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी कोथरूडच्या घरी एक गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचं फायबर घेतलं. माणसं बसवून गेली आणि तिने लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट केली. आकडा आला ९४. राऊटर बंद करून चालू केला, तरी ९४. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून पाहिलं, तेव्हाही ९४. "हजार सांगून शंभर पण देत नाहीत रे दादा," असा तिचा फोन आला. मी तिला एकच विचारलं, हा आकडा कालपासून हललाय का? नाही म्हणाली. मग लाइन चांगली आहे, मी म्हटलं. बाहेर गर्दी असली की स्पीड खालीवर होतो, सकाळी एक आणि रात्री एक. तासन्‌तास ९४ वर खिळून राहिलेला आकडा म्हणजे बहुधा घरातली एखादी तार तुटल्याची खूण असते.

लॅन केबल सोलली की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, अशा चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या जुन्या पद्धतीत दोनच जोड्या कामाच्या असतात: एक जायची, एक यायची. नारिंगी आणि हिरवी धावतात, निळी आणि तपकिरी नुसत्या पडून असतात. १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवण्याचं मानक ठरलं, तेव्हा चारही जोड्या कामाला लावल्या. प्रत्येक जोडीवर सेकंदाला २५० मेगाबिट, तेही दोन्ही दिशांना एकाच वेळी. एकाच तारेवर दोन्ही टोकं एकदम बोलतात, आणि प्रत्येक टोक ऐकू येणाऱ्या एकूण आवाजातून स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचं तेवढं वेगळं काढतं. हे सेकंदाला साडेबारा कोटी वेळा चालतं, शंभर मीटर लांबीपर्यंत, आणि केबल असते काही शे रुपयांची. मला हे आजही थक्क करतं.

पण चारपैकी एक जोडी लंगडी झाली की हा सगळा खेळ थांबतो. बहुतेक उपकरणं मग मुकाट्याने शंभरवर उतरतात. स्क्रीनवर चूक दिसत नाही, लाल दिवा लागत नाही, नेट चालू असतं. कळायची जागा एकच: संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० च्या जागी १०० दिसतो.

रविवारी तिच्याकडे गेलो, तेव्हा केबलचा जॅक खिडकीशी उजेडात धरला. पारदर्शक प्लॅस्टिकमधून सात तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसत होती. आठवी, शेवटची तपकिरी, तांदळाच्या कणीएवढी मागे राहिली होती. सोन्याचा मुलामा दिलेली पिन तिच्यावर दाबली गेलीच नव्हती. जॅक कापला, दोन सेंटिमीटर आवरण सोललं, तारा सरळ करून ओळीने लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही एका रेषेत छाटल्या, नव्या जॅकमध्ये पार तळापर्यंत सारल्या आणि क्रिंप केल्या, म्हणजे पक्कडीने दाबून बसवल्या. लिंक १००० झाली.

केबल धड असूनही आकडा ९४ वरून हलत नसेल, तर राऊटरचा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, पाहावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एसी १२०० छापलेले स्वस्त राऊटर आपल्याकडे घरोघरी आहेत. हे १२०० म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांचे कागदी वेग, ३०० आणि ८६७, एकत्र मिळवून गोल केलेले. त्यातल्या कित्येकांच्या मागचे पोर्ट शंभरचेच असतात. अशा राऊटरमधून गिगाबिट कधीच बाहेर येणार नाही. घेताना 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधावेत, खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवावा.

बहिणीच्या राऊटरचे पोर्ट गिगाबिट होते. आनंदाने पुन्हा टेस्ट केली तर ३८०. मग केबल राऊटरमधून काढून थेट फायबरच्या डब्यात लावली. ९४१.

आता हजार का नाहीत, असं बहिणीने विचारलंच. इंटरनेटवरून माहिती जाते ती पाकिटांतून. एका पाकिटात १५०० बाइट मावतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). त्यातले ५२ बाइट पत्ते, क्रमांक आणि वेळेच्या नोंदीत जातात, उरतात १४४८. तारेवर निघण्याआधी या पाकिटाला आणखी एक वेष्टन चढतं, आणि पुढच्या पाकिटाआधी थोडी मोकळी जागाही सोडावी लागते. त्यांचे मिळून ३८ बाइट. म्हणजे १५३८ बाइटची जागा व्यापून १४४८ बाइट पोचतात. हे प्रमाण ९४ टक्क्यांवर किंचित. हजारच्या लिंकवर ९४१ आणि शंभरच्या लिंकवर ९४, दोन्ही आकडे याच भागाकारातून येतात. म्हणूनच ९४ दिसला की फोनवरच निदान करता येतं. ९४१ दिसले की गिगाबिट पूर्ण मिळाला, आणखी शोधाशोध नको.

प्रश्न उरला ३८० चा. लाइन ठीक, केबल ठीक, पोर्ट ठीक, मग राऊटर मध्ये आला की निम्म्याहून जास्त वेग कुठे जातो?

राऊटर म्हणजे एक छोटा संगणक. तिच्या राऊटरात ८८० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८८ कोटी ठोक्यांचा, दोन गाभ्यांचा प्रोसेसर आहे. गिगाबिट पूर्ण भरून वाहू लागला की सेकंदाला ८१ हजार पाकिटं येतात, दर १२.३ मायक्रोसेकंदांना एक. एवढ्या अवधीत त्याच्या एका गाभ्याचे जेमतेम १०,८०० ठोके होतात. डाउनलोड चालू असताना उलट दिशेने पोचपावत्या जात असतात, साधारण दोन पाकिटांमागे एक. त्यांचाही वेळ यातच बसवायचा.

आणि प्रत्येक पाकिटामागे काम किती! आयपी म्हणजे इंटरनेटवरची पत्त्यांची पद्धत; तिच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला स्वतंत्र पत्ता देणं शक्य नाही. म्हणून १९९४ मध्ये मांडलेली युक्ती आजही चालते: बाहेरच्या जगासाठी अख्ख्या घराचा पत्ता एक, आतल्या उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते, आणि अदलाबदल करायची राऊटरने. बाहेरून पाकीट आलं की राऊटर ते मेमरीत उतरवून घेतो, पाठवणारा कोण आणि कुठल्या पोर्टसाठी आहे (हा पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, संवाद ओळखायचा क्रमांक) ते पाहतो, नोंदवहीत शोधतो, फायरवॉलचे, म्हणजे कुणाला आत सोडायचं याचे, नियम एकेक करून तपासतो, पत्ता आणि पोर्ट खोडून आतल्या लॅपटॉपचा घालतो, पाकिटाचं आयुष्य, म्हणजे आणखी किती टप्पे जायचं तो आकडा, एकाने कमी करतो, चूक पकडण्यासाठीची बेरीज पुन्हा जुळवतो, नवं वेष्टन चढवतो आणि मग पुढे ढकलतो. यात मेमरीकडे हेलपाटा पडला की शंभरेक नॅनोसेकंद जातात. असे हेलपाटे बरेच पडतात. दहा हजार ठोके बघता बघता संपतात, आणि पाकिटं दाराशी तुंबतात.

हे समजायला आपल्या सोसायटीचं गेट पुरेसं आहे. नवा माणूस आला की वॉचमन त्याचं नाव, गाडी, फ्लॅट नंबर रजिस्टरात लिहितो, इंटरकॉमवर विचारतो आणि मग सोडतो. ते योग्यच आहे. पण दूधवाल्याला रोज पहाटे कुणी रजिस्टर पुढे करत नाही. पहिल्या दिवशी विचारपूस झाली, आता चेहरा ओळखीचा झाला. तुम्ही एक चित्रपट उतरवता तेव्हा लाखो पाकिटं एकाच सर्व्हरकडून एकाच लॅपटॉपकडे येत असतात. पहिल्या एक-दोन पाकिटांसाठी जो निर्णय झाला, तोच बाकीच्या सगळ्यांना लागू. मग प्रत्येकाला नव्याने कशाला अडवायचं?

चांगले राऊटर नेमकं हेच करतात. पहिल्या पाकिटांची पूर्ण तपासणी होते आणि निर्णय एका छोट्या तक्त्यात टिपला जातो. त्या संवादाचं पुढचं पाकीट आलं की प्रोसेसरला न उठवता चिपमधला वेगळा भागच पत्ता बदलून ते पुढे पाठवतो. २००२ च्या अखेरीस आलेल्या लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड खुला झाला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा राऊटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला आणि घरगुती राऊटरचं पोट सगळ्यांना दिसू लागलं. मुख्य लिनक्समध्ये मात्र ओळखीच्या पाकिटांना थेट सोडणारा हा जवळचा रस्ता यायला २०१८ उजाडलं. निर्मात्यांच्या चिपमध्ये तो त्याआधीपासून होता, बहिणीच्या राऊटरातही होता. पण तो बंद होता.

बंद केला होता तिनेच, २०२० च्या लॉकडाउनमध्ये. तेव्हा लाइन ४० एमबीपीएसची (सेकंदाला ४० मेगाबिट), ती दिवसभर मीटिंगमध्ये, मुलाची शाळा मोबाइलवर, आणि कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली की तिचा आवाज तुटायचा. कुणीतरी सुचवलं म्हणून तिने राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी सोडायचं याचे नियम, चालू केले. तो सल्ला तेव्हा बरोबर होता. राऊटर आणि मोडेम पाकिटं साठवायला मोठमोठ्या रांगा ठेवतात. अरुंद लाइनवर त्या भरल्या की मीटिंगच्या इवल्याशा पाकिटालाही मागे ताटकळावं लागतं. प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा दोष जगापुढे आणला, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन या नेटवर्क-तज्ज्ञांनी रांग आटोक्यात ठेवायची एक देखणी रीत दिली. पण रांगेवर नजर ठेवायची तर प्रत्येक पाकीट प्रोसेसरच्या हातून जायला हवं. दूधवाल्यालाही रोज रजिस्टर भरायला लावावं लागतं. ४० च्या लाइनवर प्रोसेसरला हे सहज झेपत होतं. हजारच्या लाइनवर तो ३८० ला दमला. पालकांसाठीचं नियंत्रण आणि कोण किती डेटा वापरतो याची मोजणी, ही कामंही अनेक राऊटरांमध्ये जवळचा रस्ता बंद करतात.

आम्ही क्यूओएस बंद केलं. पुढची टेस्ट ९३८. गिगाबिट लाइनवर एका घराच्या वापराने रांग क्वचितच साचते, त्यामुळे ते नियम आता तिला लागतही नाहीत. ज्यांची लाइन पन्नास-शंभरची आहे त्यांनी मात्र क्यूओएस जरूर ठेवावं; तिथे मोठ्या आकड्यापेक्षा न तुटणारा आवाज मोलाचा.

ज्यांना नेटसाठी राऊटरमध्येच युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो, त्यांच्याकडे आणखी एक अडचण येते. या पीपीपीओई पद्धतीत प्रत्येक पाकिटावर ८ बाइटचं जादा आवरण चढतं. आठ बाइटचं काही नाही, पण त्या आवरणामुळे काही चिपना आतला पत्ता दिसत नाही, कामाची वाटणी होत नाही आणि सगळी पाकिटं एकाच गाभ्याच्या डोक्यावर येतात. चार गाभ्यांचा राऊटर घेऊनही तिघं बसून राहतात. राऊटर घेण्याआधी त्याचा वेग पीपीपीओईवर मोजलेला आहे का, ते पाहावं.

वायफायवर ९४१ बघण्याचा हट्ट धरू नये. साधारण फोनला वायफाय ५ वर मिळणारा कागदी वेग ८६७, आणि हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असल्याने हातात पडतो त्याच्या साठ-सत्तर टक्के, तोही त्याच खोलीत. वायफाय ६ वर तोच कागदी वेग १२०१ होतो. ५ गिगाहर्ट्झची लहर आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतींपुढे लवकर दमते, आणि राऊटर टीव्हीच्या कपाटात लपवला असेल तर आणखीच. राऊटर उघड्यावर, उंच आणि घराच्या मध्यावर हवा.

अंतराचाही हिशेब असतो. मुंबईचा सर्व्हर पुण्याहून काही मिलिसेकंदांवर आहे, अमेरिकेतला जाऊन-येऊन दोनशेवर. पोचपावती येईपर्यंत किती माहिती वाटेवर सोडायची, याची टीसीपीत (पाकिटं आणि पोचपावत्या सांभाळणाऱ्या नियमावलीत) मूळ मर्यादा ६४ किलोबाइट होती. दोनशे मिलिसेकंदांवर त्याने जेमतेम २.६ एमबीपीएस मिळतात. १९९२ पासून ही मर्यादा वाढवता येते, पण एकाच जोडणीवर गिगाबिट भरायचा तर २५ मेगाबाइट सतत वाटेवर हवेत, आणि मध्ये एक पाकीट हरवलं तरी वेग आवरता घ्यावा लागतो. परदेशातून एकच फाइल हळू येत असेल तर त्यात राऊटरचा काही दोष नसतो.

बहिणीचा नवरा लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याच्या टेबलापर्यंत आम्ही त्याच दिवशी भिंतीच्या कडेने पट्टी ठोकून केबल नेली, दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरून तपासले. त्याच्या प्लॅनमध्ये अपलोडही हजारचाच आहे. एका लग्नाचं साठ गिगाबाइट चित्रीकरण मुंबईच्या स्टुडिओकडे पाठवायला ९४ च्या वेगाने ८५ मिनिटं लागली असती. त्या रात्री त्याने जेवायला बसताना अपलोड लावला, आणि पहिली पोळी संपायच्या सुमाराला उठून पाहिलं तर पूर्ण झाला होता. साडेआठ मिनिटं.