उभ्या गाडीचं मीटर

मे महिन्याची सुट्टी असो की दिवाळीची, सहल ठरली की आमच्या कोल्हापूरच्या घरात पहिली खडाजंगी तिकिटांवरून होत नाही, गाडीवरून होते. विमान पुण्याहून असलं तर गाडी नेऊन तिथं पार्किंगला लावायची, की सरळ एसटीत बसायचं? भाच्याचं उत्तर ठरलेलं. "मामा, मी सोडतो की! पार्किंगला कशाला पैसे घालवताय?" या एका वाक्यात किती पेट्रोल जळतं, ते मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं.

गाडी पार्किंगला लावली तर तिच्या दोनच फेऱ्या होतात, जाताना एक आणि येताना एक. भाचा सोडायला आणि न्यायला आला तर चार. म्हणजे त्याच्या ‘फुकट’ सोडण्याची किंमत एका जादा जाण्यायेण्याएवढी. उजळाईवाडीचा आपला विमानतळ १९३९ सालचा, गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. तिथं जादा जाणं-येणं वीस किलोमीटरचं, म्हणजे सव्वा लिटर पेट्रोल, सव्वाशे-दीडशे रुपये. पुणे इथून साधारण २३० किलोमीटर. जादा जाणं-येणं ४६० किलोमीटरचं. सोळाचं ॲव्हरेज धरलं तर जवळजवळ २९ लिटर, म्हणजे तीन हजार रुपये, टोल वेगळाच. पार्किंग दिवसाला ४०० रुपये समजा. तीन हजारांत गाडी साडेसात दिवस उभी राहते. थोडक्यात, उजळाईवाडीला भाचा बरोबर आणि पुण्याला, आठवड्याच्या आतली सहल असेल तर, भाचा चूक.

एसटीचा हिशोब आणखी मजेशीर, कारण तिकीट माणशी लागतं आणि पार्किंग गाडीमागे. आम्ही पाचजण. समजा एसटी आणि पुण्यातली रिक्षा धरून जाऊन-येऊन माणशी ११०० रुपये लागले, तर पाचांचे ५५००. गाडीचं पेट्रोल-टोल मिळून समजा ३८००. फरक उरला १७०० चा, आणि चारशेच्या दरानं तो चार दिवस पुरतो. पाचव्या दिवसापासून एसटी स्वस्त. पण दोघंच जाणार असतील तर एसटीला २२०० लागतात, गाडी पार्किंग न धरताच हरते. शाळेत आलेख कागदावर दोन रेषा काढून त्या कुठं छेदतात ते शोधायला लावायचे, तेच गणित हे. एक रेषा आडवी, एक दिवसागणिक चढणारी. आकडे तुमचे तुम्ही घाला, छेदनबिंदू सरकेल, पण तो असतो हे नक्की.

पार्किंगची रेषा मात्र सरळ चढत नाही, जिन्यासारखी चढते. बऱ्याच ठिकाणी २४ तास पूर्ण होऊन वर थोडा वेळ गेला की पुढचा अख्खा दिवस लागतो. आणि घड्याळ विमानाच्या वेळेवर चालत नाही, गेटवर पावती फाटते तेव्हा सुरू होतं. सोमवारी सकाळी नऊचं विमान म्हणून तुम्ही सहाला आत शिरता. शुक्रवारी रात्री दहाला बाहेर पडलात तर चार दिवस सोळा तास, पाच दिवसांचे पैसे. तेच परतीचं विमान शनिवारी पहाटे साडेपाचला उतरलं, बॅगांची वाट बघत साडेसहा वाजले, की पाच दिवस आणि अर्धा तास. सहा दिवसांचे पैसे! पहाटेच्या तिकिटावर वाचवलेले तीनशे रुपये गेटवर देऊन यायचे.

पण नुसतं उभं राहायला एवढे पैसे का? गाडीची चौकट अडीच मीटर बाय पाच मीटर धरा, साडेबारा चौरस मीटर. पण गाडी उडत आत येत नाही. तिला वळायला, मागं घ्यायला मोकळी वाट लागते, म्हणून आपल्याकडे नियोजनकार उघड्या पार्किंगमध्ये गाडीमागे सुमारे २३ चौरस मीटर धरतात. म्हणजे अडीचशे चौरस फूट. आमच्या मंगळवार पेठेत एवढ्या जागेत दोन खोल्या आणि मोरी बसते.

जागेचा भाव अंतरावर कसा ठरतो, हे योहान हाइनरिख फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदारानं १८२६ मध्येच मांडलं होतं. शहराला लागून भाजीपाला आणि दूध, मग लाकूडफाटा, मग धान्य, सगळ्यात बाहेर गुरांची कुरणं. बाजारापासून दूर गेलं की वाहतूक वाढते, म्हणून जमिनीचा खंड उतरतो. विमानतळाभोवती याच गोलाकार कड्या दिसतात, फक्त भाजीच्या जागी गाड्या. दाराशी तासावर पैसे, पलीकडे दिवसावर, आणि बाहेरच्या कडीत मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड टाकून बसलेला मालक, जो दारापर्यंत सोडायला गाडीही देतो. पाच माणसं आणि आठ बॅगा असतील तर माणसं-सामान दारात उतरवून एकट्यानं बाहेरच्या कडीत जावं. ओझं जवळ, गाडी लांब.

सुट्टीत भाव चढतो त्याचंही शास्त्र आहे. कुठंतरी थोड्या जागा नेहमी रिकाम्या राहाव्यात असा दर मागणीप्रमाणे बदलावा, असं अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री १९५० च्या दशकापासून सांगत होते. (त्यांना नोबेल जाहीर झालं १९९६ मध्ये, आणि तीनच दिवसांनी ते गेले.) कारण साधं आहे. ८५ टक्के जागा भरलेल्या असतील तर रिकामी सापडेपर्यंत सरासरी सातेक जागा बघाव्या लागतात. ९५ टक्क्यांना वीस, ९९ टक्क्यांना शंभर. शेवटच्या चार टक्क्यांत शोध पाचपट होतो! म्हणून दाराजवळ घिरट्या घालू नका, सरळ लांबच्या टोकाला जा. आणि जिथं आधी बुकिंग होतं तिथं ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. आजची रिकामी जागा उद्या विकता येत नाही. संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी निम्म्यावर येते, तसंच.

इतकं सगळं मांडून मी एकदा बाहेरच्या कडीतला प्लॉट गाठला, आठ दिवसांत हजारभर रुपये वाचवले, आणि परतल्यावर रात्री अकराला किल्ली फिरवली. टक. टक टक. पुढं काही नाही. शेजारच्या गाडीवरून वायर जोडून कसंबसं कोल्हापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात मिस्त्रीनं बॅटरीला मीटर लावला. "साहेब, डिकी नीट लागली न्हवती. आतला बल्ब पेटलेलाच हुता."

पाच वॅटचा बल्ब. बाराचा व्होल्टेज, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर. पण चोवीस तासांत ते १० अँपिअर-तास होतात, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ची. साडेतीन दिवसांत सगळं संपलं. बल्ब नसता तरी बंद गाडी थोडं खातेच. लॉकची रिमोट यंत्रणा, अलार्म, घड्याळ मिळून ३० मिलिअँपिअर धरले तर आठ दिवसांत सहाएक अँपिअर-तास. ते चालतं. वर डॅशकॅम किंवा ट्रॅकर लावला असेल तर चालेलच असं नाही. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, निम्मी असली तर १२.१-१२.२ च्या आसपास. पुरती उतरून तशीच पडली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि चार्जिंगनंही नीट विरघळत नाहीत. माझी तशीच गेली. नवी बॅटरी साडेचार हजारांची.

मिस्त्रीनं दोन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवायची, नाहीतर ब्रेक गंजून चिकटतात. आणि आठवड्यापेक्षा जास्त दिवस असतील तर दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. रिमोट बंद पडतो, दार किल्लीनं लावायचं.

तेव्हापासून पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. परत जोडलं की गाडी एका झटक्यात चालू होते, फक्त घड्याळ बारावर जाऊन बसतं. भाचा म्हणतो, "मामा, ते तेवढं लावून घ्या की." अजून लावलेलं नाही.