परदेशातले माओवादी बीजिंगच्या हुकमावर चालायचे?

‘परदेशात आसरा घेतलेले माओवादी गट बीजिंगच्या हुकमावर चालायचे,’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. नावातच माओ, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक. पण इराणी गटाचंच पाहा. १९६०च्या दशकात युरोपातले काही इराणी कम्युनिस्ट मॉस्कोनिष्ठ पक्षातून फुटून माओच्या वाटेला लागले. वैचारिक ओढ होतीच. ध्येय मात्र इराणच्या शहाची, म्हणजे तिथल्या राजाची, राजवट उलथवण्याचं. ऑगस्ट १९७१मध्ये चीनने त्याच राजवटीशी राजनैतिक संबंध जोडले. ऑगस्ट १९७८च्या अखेरीस तर चीनचे सर्वोच्च नेते तेहरानमध्ये शहाचे पाहुणे होते. आणि ८ सप्टेंबरला तिथल्याच जालेह चौकात शहाविरोधी निदर्शकांवर त्याच्या सैन्याकडून गोळ्या झाडल्या गेल्या! ग्रंथालयात त्या दिवसांची वृत्तपत्रं काढून तारखा शेजारी-शेजारी ठेवा. हुकूम बीजिंगचा असता, तर परदेशातल्या या माओवाद्यांचा शहाविरोध १९७१लाच थंडावला असता. तो १९७९च्या क्रांतीपर्यंत टिकला.