साईटवर पडलेल्या मालाचं बिल, हा प्रकार आला कुठून?

बांधकामाच्या बिलात आणून ठेवलेल्या पण अजून न बसवलेल्या मालाचा वेगळा आकडा असतो. स्टील, केबल, लिफ्टचे पार्ट वगैरे. काम झालंच नाही तर पैसे कसले, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आणि जुना इंग्लिश कायदा अगदी तेच म्हणायचा.

1795 चा कटर विरुद्ध पॉवेल खटला घ्या. जमैकाहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावरचा एक खलाशी वाटेतच वारला, पगार पूर्ण प्रवासाचा ठरलेला, म्हणून त्याच्या बायकोला छदामही मिळाला नाही. बांधकामालाही हेच लागू, ठरलेलं काम पुरं करा मग पैसे मागा. छोट्या कामात चालून जातं हो, पण मोठ्या कामात महिनोन्‌महिने स्वतःच्या खिशातून माल कोण भरणार, म्हणून करारात टप्प्याटप्प्याने पैसे द्यायची कलमं आली आणि टप्पे मोजायचे म्हटल्यावर पडून असलेल्या मालाचं काय हा प्रश्न आलाच.

खरी गोची मालकीची आहे. रोमन कायद्यापासून नियम असा की जमिनीला जोडलं ते जमीनमालकाचं. म्हणजे वीट भिंतीत गेली की विषय संपला, पण चट्ट्यात रचलेली वीट कॉन्ट्रॅक्टरची असू शकते, नाहीतर सप्लायरची.

1976 ला इंग्लंडमध्ये रोमाल्पा निकाल आला. पूर्ण पैसे मिळेपर्यंत माल आमचाच, हे विकणाऱ्याचं कलम कोर्टाने मान्य केलं, मग काय, सप्लायर लोक सर्रास ते कलम टाकायला लागले. पाठोपाठ 1979 चा डॉबर विल्यमसन विरुद्ध हंबरसाइड काउंटी कौन्सिल. सब-कॉन्ट्रॅक्टरने छपराच्या स्लेटी (पातळ दगडी फरशा) साईटवर आणल्या, कौन्सिलने मेन कॉन्ट्रॅक्टरला त्यांचे पैसे दिले, तो बुडाला, आणि सब-कॉन्ट्रॅक्टरच्या हातात काहीच पडलेलं नव्हतं. कोर्ट म्हणालं स्लेटी अजून सब-कॉन्ट्रॅक्टरच्याच. म्हणजे कौन्सिलला त्याच मालाचा भुर्दंड पुन्हा! आज बिलासोबत खरेदीची पावती, मालकीचा कागद, इन्शुरन्स असं सगळं मागतात ते उगाच नाही, माझ्या मते यातलं बरंचसं असल्याच भीतीतून आलंय.

अमेरिकेत आर्किटेक्ट लोकांची संस्था एआयए, तिच्या जी703 फॉर्ममध्ये, म्हणजे बिलाच्या कामवार तपशिलाच्या तक्त्यात, तर यासाठी स्वतंत्र कॉलम आहे, एफ, कामाच्या डी (मागच्या बिलांपर्यंतचं काम) आणि ई (या बिलातलं काम) कॉलममध्ये न धरलेला साठवलेला माल. माल बसवला की तो एफमधून काढून ई मध्ये न्यायचा. हे काढायचं राहिलं की एकाच पाइपचे दोनदा पैसे, आणि बिल तपासणारे पहिले इथेच बोट ठेवतात. माल साईटबाहेर, कुठल्यातरी गोडाऊनमध्ये असेल तर एआयएच्या ए201 या छापील करार-अटींप्रमाणे मालकाची आधी मंजुरी लागते, जागा लेखी ठरलेली लागते, शिवाय मालकी, इन्शुरन्स, साठवण आणि साईटपर्यंतची वाहतूक याची पण सोय दाखवावी लागते. हल्ली अख्खी बाथरूम फॅक्टरीत तयार होऊन येतात, त्यामुळे हे साईटबाहेरचं प्रकरण पूर्वीपेक्षा जास्तच डोकं खातं.